कोण होते पंचरत्नम? पीळ दिलेल्या प्रकाशामागची गोष्ट

लेझर पॉइंटरचा ठिपका भिंतीवर पाडला की मधोमध सगळ्यात जास्त उजेड दिसतो. पण प्रयोगशाळेत असाही किरण तयार करता येतो, ज्याचा ठिपका मेदूवड्यासारखा दिसतो. भोवती उजेडाचं कडं आणि मधोमध काळं भोक. या किरणाला ऑप्टिकल व्होर्टेक्स म्हणतात, म्हणजे प्रकाशाचा भोवरा. दुसरं नाव ट्विस्टेड लाइट, म्हणजे पीळ दिलेला प्रकाश. वेगवान इंटरनेट किंवा क्वांटम कम्युनिकेशनच्या एखाद्या व्हिडिओत हे नाव तुमच्या कानावर आलं असेल.

असा किरण बनवण्याच्या एका महत्त्वाच्या पद्धतीला एका भारतीय माणसाचं नाव आहे. जगभरातल्या ऑप्टिक्सच्या प्रयोगशाळांमध्ये 'पंचरत्नम-बेरी फेज' हा शब्द रोजचा आहे. त्यातले बेरी म्हणजे इंग्लंडचे मायकेल बेरी. आणि पंचरत्नम? इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. नंतर कॅमेऱ्याच्या सपाट लेन्सबद्दल वाचताना ते सारखं समोर येऊ लागलं, म्हणून शोधलं. जे हाती लागलं ते इथे सांगतो.

मामा, भाऊ आणि नागपूर

शिवरामकृष्णन पंचरत्नम यांचा जन्म १९३४ साली कोलकात्यात झाला. त्यांची आई ही सी. व्ही. रामन यांची बहीण, म्हणजे नोबेल मिळवणारे रामन हे त्यांचे सख्खे मामा. ताऱ्यांच्या अभ्यासासाठी १९८३ साली नोबेल मिळवणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे त्यांचे मामेभाऊ.

घरातही विज्ञानच होतं. थोरले भाऊ एस. रामशेषन स्फटिकांचे अभ्यासक. ते पुढे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. दुसरे भाऊ शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी लिक्विड क्रिस्टलमध्ये जगभर नाव कमावलं. नोबेलवाले चंद्रशेखर आणि हे चंद्रशेखर वेगळे, बरं का. इंटरनेटवर दोघांची गल्लत नेहमी होते.

या घराचं महाराष्ट्राशी नातं आहे ते नागपूरमुळे. रामन स्वतः सरकारी अर्थखात्यात नोकरीला असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात होते. पुढे रामशेषन आणि लिक्विड क्रिस्टलवाले चंद्रशेखर हे दोघेही नागपूर विद्यापीठात शिकले. चंद्रशेखर यांनी १९५१ साली तिथून एम.एस्सी. केलं आणि मग बंगळुरूला मामांच्या संस्थेत संशोधन सुरू केलं. १९५० च्या दशकात धाकटे पंचरत्नमही त्याच रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले.

निळ्या खड्यातलं कोडं

रामन यांना रंगीत दगडांचं, रत्नांचं भारी वेड. संस्थेत खड्यांचा मोठा संग्रहच होता. पंचरत्नम यांच्या अभ्यासातला एक महत्त्वाचा खडा म्हणजे आयोलाइट. हा जांभळट-निळा स्फटिक वेगवेगळ्या बाजूंनी पाहिला की रंग बदलतो, कारण कुठल्या दिशेने येणारा आणि कसा कंप पावणारा प्रकाश किती शोषायचा याचे त्याचे स्वतःचे नियम आहेत.

इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल: पोलरायझेशन. एक लांब दोर खांबाला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून हलवा. हात वर-खाली केला तर लाट उभी जाते, डावी-उजवीकडे केला तर आडवी, आणि गोल फिरवला तर लाटही गोल फिरत जाते. प्रकाशाच्या लाटेचंही तसंच असतं. ती कुठल्या प्रकारे कंप पावते, ते म्हणजे तिचं पोलरायझेशन.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एलसीडी मॉनिटर किंवा लॅपटॉपवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा. कंपासपेटीतली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी स्क्रीनसमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून बघा. गॉगल जरा वळवला की पट्टीत इंद्रधनुष्यासारखे रंगीत पट्टे दिसतील. स्क्रीनमधून एकाच प्रकारे कंप पावणारा प्रकाश येतो, पट्टीत शिरल्यावर त्याचे दोन भाग होतात, दोन्ही थोड्या वेगळ्या वेगाने जातात आणि गॉगलमधून बाहेर पडताना एकमेकांत मिसळतात. लाटा एकमेकींत मिसळण्याला इंटरफेरन्स म्हणतात, आणि त्यातूनच ते रंग येतात.

पारदर्शक स्फटिकात हे दोन भाग एकमेकांच्या अगदी विरुद्ध प्रकारचे असतात, उभा आणि आडवा असे. त्याचं गणित आधीपासून माहीत होतं. पण आयोलाइटसारखा स्फटिक प्रकाश शोषूनही घेतो. मग ते दोन भाग पूर्ण विरुद्ध राहत नाहीत, थोडे एकमेकांसारखे, थोडे वेगळे असे होतात. अशा अर्धवट वेगळ्या लाटा मिसळल्या तर काय होतं, याचा नीट नियम पंचरत्नम यांना हवा होता.

त्यातच एक चमत्कारिक गोष्ट होती. अशा स्फटिकात काही खास दिशा असतात. त्या दिशेने जाताना दोन भाग उरतच नाहीत, एकाच प्रकारची गोल लाट न बदलता पुढे जाऊ शकते. त्या दिशेने बरोबर उलट्या प्रकारची लाट सोडली, तर तिचं पुढे नेमकं काय होतं, हे पंचरत्नम यांनी उलगडलं. आज भौतिकशास्त्रात अशा जागांना सिंग्युलॅरिटी म्हणतात, आणि प्रकाशाच्या भोवऱ्यामधलं काळं भोक हीसुद्धा एक सिंग्युलॅरिटीच. १९५५-५६ मध्ये हा माणूस त्या प्रदेशात फिरून आला होता. तेव्हा लेझर नव्हता. पहिला लेझर १९६० सालचा. हाताशी होते स्फटिक, पोलरायझर, डोळे आणि कागद-पेन्सिल.

फेजचा हिशेब आणि एक त्रिकोण

१९५६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी इंटरफेरन्सचा व्यापक सिद्धांत मांडणारा पेपर प्रसिद्ध केला. छापला गेला तो बंगळुरूच्याच इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये. प्रश्न ऐकायला साधा आहे. दोन लाटा वेगवेगळ्या प्रकारे कंप पावत असतील, तर त्या 'एका तालात' आहेत असं कधी म्हणायचं? लाट आपल्या चढ-उतारात कुठे पोहोचली आहे, त्याला फेज म्हणतात. दोन्ही उभ्या लाटा असतील तर फेज जुळवणं सोपं, शिखरासमोर शिखर आलं की झालं. पण एक उभी आणि एक तिरपी असेल तर?

पंचरत्नम यांचं उत्तर: दोन्ही एकत्र केल्यावर जेव्हा सगळ्यात जास्त उजेड मिळतो, तेव्हा त्या एका तालात आहेत असं समजा. मग त्यांनी तीन लाटा घेतल्या. पहिली दुसरीच्या तालात, दुसरी तिसरीच्या तालात. तर तिसरी पहिलीच्या तालात असायलाच हवी ना? नाही. ती थोडी घसरलेली निघते. आणि किती घसरली, हे एका त्रिकोणाच्या क्षेत्रफळावरून कळतं.

हा त्रिकोण कुठला, ते सांगतो. मी खर्ड्याचा, तालुका जामखेड. समजा मी हातात एक काठी धरून खर्ड्याहून जामखेडला गेलो, तिथून भूमला आणि परत खर्ड्याला. अट एकच: वाटेत काठी जराही फिरवायची नाही, पावलागणिक आधीच्या दिशेला समांतर ठेवायची. घरी आल्यावर काठी निघताना होती त्याच दिशेला असेल, कारण एवढ्या छोट्या टापूत जमीन जवळजवळ सपाटच आहे.

आता हाच प्रवास मोठा करू. उत्तर ध्रुवावरून निघा, सरळ विषुववृत्तापर्यंत या, विषुववृत्तावरून पृथ्वीचा पाव फेरा मारा आणि सरळ ध्रुवावर परत जा. काठी एकदाही फिरवली नाही, तरी परत आल्यावर ती ९० अंशांनी वळलेली असते. तुम्ही त्याच जागी परत आलात, पण गेलेल्या वाटेची खूण काठीवर राहिली. चूक कोणाचीच नाही, जमीनच गोल आहे.

पोलरायझेशनचे सगळे प्रकारही एका गोलावर मांडता येतात. फ्रेंच गणिती पॉंकारे यांची ही कल्पना. एका ध्रुवावर उजवीकडे फिरणारी लाट, दुसऱ्या ध्रुवावर डावीकडे फिरणारी, विषुववृत्तावर उभ्या-आडव्या-तिरप्या सरळ लाटा. पंचरत्नम यांच्या तीन लाटा म्हणजे या गोलावरचे तीन बिंदू. त्यांना जोडणारा त्रिकोण जेवढी जागा वेढतो, त्याच्या बरोबर निम्म्याने फेज सरकते. वरचा पृथ्वीवरचा त्रिकोण या गोलावर काढला तर ती सरकते ४५ अंश.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सगळे व्हेरिएबल मूळ किमतीवर परत आले, तरी एक काउंटर वाढलेला राहिला. आणि तो किती वाढला हे लाट किती अंतर चालली किंवा किती वेळ लागला यावरून ठरत नाही, फक्त वाटेच्या आकारावरून ठरतं. म्हणून आज याला जॉमेट्रिक फेज म्हणतात.

ऑक्सफर्ड आणि अकाली शेवट

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक कामाची गोष्ट केली. पोलरायझेशन बदलणारी स्फटिकाची चकती साधारणपणे एकाच रंगासाठी नीट काम करते, बाकी रंगांसाठी चुकते. पंचरत्नम यांनी अशा काही चकत्या ठरावीक कोनांत एकावर एक ठेवून दाखवल्या. एकीची चूक दुसरी भरून काढते आणि सगळं मिळून बऱ्याच रंगांसाठी नीट चालतं. दुर्बिणींवरच्या उपकरणांत ही युक्ती आजही वापरतात.

१९६१ ते १९६४ ते म्हैसूर विद्यापीठात रीडर होते. मग ऑक्सफर्डला गेले. तिथे जॉर्ज सिरीझ यांच्यासोबत त्यांनी अणू आणि प्रकाश एकमेकांवर काय परिणाम करतात यावर काम केलं. म्हणजे जुन्या पेपरचा पाठपुरावा करत ते बसले नाहीत, नवीन विषयात शिरले.

१९६९ साली ऑक्सफर्डमध्येच त्यांचं निधन झालं. वय ३५. पुढच्याच वर्षी मामा रामनही गेले. १९७५ साली सिरीझ यांनी पंचरत्नम यांचे सगळे शोधनिबंध एकत्र करून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून ग्रंथरूपात छापून घेतले. पण १९५६ च्या त्या त्रिकोणाकडे अजून फारसं कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

नाव परत कसं आलं

१९८४ साली मायकेल बेरी यांनी क्वांटम भौतिकशास्त्रातला गाजलेला पेपर लिहिला. एखादी क्वांटम व्यवस्था हळूहळू बदलत पुन्हा मूळ स्थितीत आणली, तर तिच्या फेजमध्ये वाटेच्या आकारावर ठरणारा एक जादा भाग येतो, असं त्यांनी दाखवलं. जगभर 'बेरी फेज'ची चर्चा सुरू झाली.

१९८६ साली 'करंट सायन्स'मध्ये थोरले भाऊ रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी लिहिलं, की याचं एक उदाहरण तर तीस वर्षांपूर्वी बंगळुरूत मांडलं गेलं आहे. बेरी यांनी तो जुना पेपर वाचला. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच एक लेख लिहून पंचरत्नम यांचं काम क्वांटमच्या भाषेत समजावून सांगितलं आणि श्रेय मोकळेपणाने दिलं. १९८८ मध्ये रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्याच जोसेफ सॅम्युअल आणि राजेंद्र भंडारी यांनी एक पाऊल पुढे टाकलं. बेरींच्या पेपरमध्ये बदल हळू व्हायला हवा आणि वाट बंद व्हायला हवी अशा अटी होत्या. पंचरत्नम यांची 'एका तालात' असण्याची व्याख्या वापरली तर त्या अटींशिवायही चालतं, हे त्यांनी दाखवलं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण असल्या गोष्टींचे फॉरवर्ड लगेच फिरतात. पंचरत्नम यांनी ट्विस्टेड लाइट शोधला नाही, आणि बेरी यांनी त्यांचं काम चोरलं नाही. पंचरत्नम यांनी पोलराइज्ड प्रकाशात जे पाहिलं, त्यामागचं सर्वसाधारण तत्त्व बेरी यांनी स्वतंत्रपणे शोधलं. पूर्वीचं काम समोर आलं तेव्हा त्याला मान दिला. खरी गोष्ट एवढीच आहे, आणि माझ्या मते फॉरवर्डपेक्षा तीच जास्त चांगली आहे.

मग प्रकाशाला पीळ कसा देतात?

साध्या लेझर किरणात लाटेची शिखरं एकामागे एक ठेवलेल्या ताटांसारखी सपाट असतात. भोवऱ्याच्या किरणात शिखराचा पृष्ठभाग स्क्रूच्या आट्यासारखा गोल चढत जातो. किरण स्वतः सरळच जातो, पिळलेली असते ती लाटेची शिखरं. मध्यावर सगळ्या फेज एकाच ठिकाणी येऊन एकमेकींना खोडून टाकतात, म्हणून तिथे अंधार. १९९२ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे लेस ॲलन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा किरणातला प्रत्येक फोटॉन पीळ जितका जास्त तितकी जास्त फिरकी घेऊन जातो. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात अशा किरणाने सूक्ष्म कण खरोखर गरगर फिरवूनही दाखवले.

असा किरण बनवायचा तर किरणाच्या मध्याभोवती एक फेरी मारताना फेज ३६० अंशांनी बदलली पाहिजे. काचेने हे करायचं तर तिची जाडी जिन्यासारखी वाढवत न्यावी लागते. इथे पंचरत्नम यांचा गोल कामी येतो. एक खास चकती उजवीकडे फिरणाऱ्या लाटेला डावीकडे फिरवते, म्हणजे गोलावर एका ध्रुवावरून दुसऱ्या ध्रुवावर नेते. चकतीचा अक्ष कुठे आहे यावर लाट कोणत्या रेखावृत्तावरून जाणार हे ठरतं. दोन रेखावृत्तांमध्ये संत्र्याच्या फोडीसारखी जागा असते, तिच्या निम्म्याएवढा फेजचा फरक पडतो. हिशेब केला की उत्तर येतं: अक्ष जितका वळवाल, त्याच्या दुप्पट फेज सरकते.

मग एकच सपाट चकती घ्या आणि मध्याभोवती फिरताना तिचा अक्ष ठिकठिकाणी थोडा थोडा वळवत न्या. पूर्ण फेरीत अक्ष १८० अंश वळला की फेज ३६० अंश सरकली. झाला भोवरा. जाडी सगळीकडे सारखीच. २००२ साली इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेत एरेझ हॅसमन यांच्या गटाने पंचरत्नम-बेरी फेज वापरून असे किरण बनवले. २००६ मध्ये इटलीतल्या नेपल्सच्या लोरेन्झो मारुच्ची यांच्या गटाने हेच काम लिक्विड क्रिस्टलच्या पातळ थरात केलं. त्या उपकरणाला क्यू-प्लेट म्हणतात. धाकट्या भावाची फेज आणि चंद्रशेखर भावाने ज्यात आयुष्य घालवलं ते लिक्विड क्रिस्टल, दोन्ही त्या एका पातळ थरात एकत्र आले.

२०१६ साली हार्वर्डमध्ये फेडेरिको कापासो यांच्या गटाने याच तत्त्वावर सपाट लेन्स बनवली. टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म खांब वेगवेगळ्या कोनांत वळवून उभे केले आणि त्यांनी मिळून प्रकाश एका बिंदूवर आणला. फोनच्या मागचा कॅमेऱ्याचा उंचवटा जाड भिंगांच्या थरामुळे येतो, त्यामुळे सपाट लेन्सवर इतकं काम का चाललंय हे लक्षात येईल.

इंटरनेटचं काय? वेगवेगळ्या पिळाचे किरण एकाच वाटेने पाठवून प्रत्येकावर वेगळा डेटा लादता येतो. २०१३ साली १.१ किलोमीटर खास फायबरमधून अशा पद्धतीने सेकंदाला १.६ टेराबिट डेटा पाठवला गेला. पण याने अमर्याद स्पीड मिळेल असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पीळ वाढला की किरण जास्त पसरतो, हवेतल्या हलचालीने तो बिघडतो आणि साध्या फायबरमध्ये वेगवेगळे पीळ एकमेकांत मिसळतात. म्हणून हे तंत्र सध्या मुख्यतः प्रयोगशाळांमध्येच आहे.

तो पेपर आजही वाचता येतो

पंचरत्नम यांचं काम तीस वर्षं मागे राहिलं, पण हरवलं नाही. ते एका भारतीय नियतकालिकात नीट छापलेलं होतं, एका सहकाऱ्याने ते ग्रंथात जपलं, एका भावाला ते आठवलं, आणि एका परदेशी शास्त्रज्ञाने ते मन लावून वाचलं. या साखळीतली एक कडी तुटली असती तर आज ही फेज एकट्या बेरींच्या नावाने ओळखली गेली असती.

इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या वेबसाइटवर 'प्रोसीडिंग्ज'चे जुने अंक मोफत आहेत. १९५६ चा तो पेपर फोनवर उघडतो. गणित जड वाटलं तर सोडून द्या, त्यातला गोलावरचा त्रिकोण तेवढा शोधा. काठी हातात धरून केलेला प्रवास आठवला, की तो लगेच ओळखू येईल.